शेडमध्ये गर्दी करू नये

८ डिसेंबर २००३

आज प्राचार्य शिरसाठ सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला ते बसायला सांगत नाहीत. नोकरी गेली असं समजून मी खुर्चीच्या कडेवरच टेकलो. पण बातमी वेगळी निघाली. जानेवारीअखेर पाहणी समिती येणार आहे. इमारत, ग्रंथालय, संडास, सगळ्याला गुण असतातच, पण यंदा एक नवा मुद्दा घातला आहे: ‘विविध भागांतील व समाजांतील विद्यार्थ्यांचे परस्पर संमिश्रण.’ त्याला दहा गुण.

“कापडणीस, आपल्याकडं होस्टेल नाही,” सर म्हणाले. “पोरं सकाळी येतात आणि साडेबाराची घंटा झाली की पळतात. हरसूलचा हरसूलला, विंचूरचा विंचूरला, नाशिक रोडचा नाशिक रोडला. मिसळणार कधी? तुम्ही समाजशास्त्राचे. मिसळवा त्यांना.”

“कसं मिसळवू, सर?”

“ते शास्त्र तुमचं.”

संमिश्रण समितीचा संयोजक म्हणून माझी नेमणूक झाली. समितीत दुसरं कोणी नाही. मी उठलो तेव्हा सर म्हणाले की चांगले गुण पडले तर जूनमध्ये माझी जागा कायम करण्यासाठी ते संस्थेकडे शब्द टाकतील.

संध्याकाळी पीसीओवरून सटाण्याला आईला फोन केला. संमिश्रण म्हणजे काय ते तिला नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. तठे तुनासंगे जेवाले कोनी शे का रे भाऊ?”

आईची विचार करण्याची पद्धत फार व्यक्तिगत आहे. मी नेहमी खोलीवर एकटाच जेवतो, कॉलेजच्या मागेच खोली असल्यामुळे ते सोयीचं पडतं आणि वाचनही होतं.

११ डिसेंबर

प्रत्यक्ष पाहणीला सुरुवात केली. साडेबाराला फाटकात उभा राहून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा ठरवला होता: ‘तू इतर भागांतल्या विद्यार्थ्यांमध्ये मिसळतोस का?’ विद्यार्थी पळत असल्यामुळे मलाही पळावं लागलं.

यादव गावित हा माझ्याच वर्गातला, हरसूलच्याही पुढच्या पाड्यावरून येतो. तो पळता पळता एवढंच म्हणाला, “सर, आता नाय, बस!”

मोहिनी पगारे थांबली. हिचे वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये आहेत. हुशार आहे, पण वाद घालते. “इतर म्हणजे कोण, सर?” तिने विचारलं.

“म्हणजे तुझ्याहून वेगळे.”

“माझ्याहून तर माझी सख्खी बहीणच वेगळी आहे.”

विंचूरच्या कांदेवाल्या दरेकरांचा चिमाजी म्हणाला, “मिसळ? हाय की, सर, कॅन्टीनला. पण रस्सा लय पातळ करून ठेवलाय.”

निष्कर्ष: विद्यार्थ्यांना संमिश्रण हा शब्दही माहीत नाही. काम मुळापासून करावं लागेल.

१७ डिसेंबर

काल रिबिनींची योजना मांडली. हरसूलकडच्यांना हिरवी, नाशिक रोडवाल्यांना पिवळी, विंचूर-निफाडकडच्यांना लाल. वर्गात एका बाकावर एकाच रंगाच्या दोन रिबिनी दिसता कामा नयेत. योजना साधी आणि शास्त्रीय होती.

तक्रार एकच आली. हरसूलची बस चुकली तर पुढची संध्याकाळपर्यंत नाही आणि नव्या जागी बसवल्यामुळे त्या मुलांना दारापर्यंत पोचायला वेळ लागत होता. म्हणून प्राचार्यांनी हिरव्या रिबिनवाल्यांना घंटेआधी दहा मिनिटं सोडायची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, कॉलेजात एकही पिवळी किंवा लाल रिबिन नव्हती. अख्खं कॉलेज हरसूलचं होतं. मोहिनी पगारेने तर वेणीत दोन हिरव्या बांधल्या होत्या. घंटेआधी दहा मिनिटं इमारत रिकामी झाली आणि भूगोलाच्या उज्वला कुलथे मॅडम फळ्यासमोर खडू धरून एकट्याच उभ्या राहिल्या. त्या नाशिक रोडहून येतात, त्यामुळे त्यांनीही मग पर्स उचलली.

रिबिनी परत घेतल्या. बऱ्याच परत आल्या नाहीत.

२२ डिसेंबर

आज सभागृहात सहभोजन. सतरंज्या घातल्या, ‘एकत्र जेवू, एकत्र वाढू’ असा फलक लावला. सगळ्यांनी डबा घेऊन साडेबाराला यायचं अशी नोटीस आठवडाभर फिरवली होती. मी माझा डबा घेऊन सतरंजीच्या मधोमध बसलो. एकपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. अन्नाचा वास लागून एक मांजर आलं.

मग कुलथे मॅडम दारात डोकावल्या. “कापडणीस, सगळे शेडमध्ये आहेत,” त्या म्हणाल्या.

ही शेड म्हणजे एक डोकेदुखी आहे. परवाच्या सिंहस्थात आमच्या फाटकासमोर, त्र्यंबक रस्त्यावर, यात्रेकरूंसाठी पत्र्याची लांबलचक शेड उभी केली होती. मेळा संपला, यात्रेकरू गेले, शेड राहिली. हरसूलची बस तिथेच थांबते. नाशिक रोडची आणि विंचूरवाल्यांना सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती स्टँडला, नेणारी बस खरं तर रस्त्याच्या पलीकडे थांबते, पण तिकडे सावली नाही. म्हणून सगळेच शेडमध्ये बसतात आणि आपली बस दिसली की रस्ता ओलांडून धावतात.

तिथे जाऊन पाहिलं तर अतिशय बेशिस्त चित्र होतं. एका बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पाच-सहा डबे उघडे टाकलेले. मोहिनी पगारे यादवच्या डब्यातली नागलीची भाकरी खात होती आणि तिचा पुलाव चिमाजी संपवत होता. चिमाजीने दप्तरातून कांदा काढून बुक्कीने फोडला आणि सगळ्यांना वाटला. कोण कुठल्या बसचं ते ओळखूही येत नव्हतं.

“सभागृहात सतरंज्या घातल्यात आणि तुम्ही इथं रस्त्यावर जेवताय?” मी म्हणालो.

“सर, तिथून बस दिसत नाय,” यादव म्हणाला.

“बसा ना, सर,” मोहिनी सरकून जागा करत म्हणाली.

मी बसलो नाही. संयोजकाने तटस्थ राहिलं पाहिजे. शिवाय माझा डबा सभागृहात मांजराजवळ राहिला होता.

२४ डिसेंबर

शेडला शिस्त लावली. तीन बोर्ड रंगवून घेतले आणि छताच्या अँगलला टांगले: हरसूल, नाशिक रोड, विंचूर. प्रत्येकाने आपापल्या बोर्डाखाली बसायचं. चौथा बोर्ड: ‘शेडमध्ये गर्दी करू नये. संमिश्रण सभागृहात होईल.’

कुलथे मॅडमनी बोर्ड वाचले आणि विचारलं, “कापडणीस, यांना मिसळायचंय की वेगळं करायचंय?”

मी त्यांना समजावलं की आधी नीट वेगळं केल्याशिवाय नीट मिसळता येत नाही. त्या भूगोलाच्या आहेत.

६ जानेवारी २००४

शेडमध्ये भांडण झालं. असं पहिल्यांदाच घडलं. दुपारी ऊन फिरतं आणि नेमकं विंचूरच्या भागात येतं. विंचूरवाल्यांनी हरसूलची सावली मागितली. हरसूलवाले म्हणाले की हा थांबाच मुळात हरसूलच्या बसचा, इथं बाकीचे पाहुणे. नाशिक रोडच्या कोणीतरी दोघांनाही ‘खेडवळ’ म्हटलं. त्यानंतर चपला उडाल्या. माझ्या पाठीवर एक बसली, ती कोणत्या भागातून आली ते कळू शकलं नाही.

यावरून संमिश्रणाची गरज किती तीव्र आहे ते सिद्ध होतं. प्राचार्यांना तसा अहवाल दिला. ते काळजीत पडले. मला मात्र आपल्या विषयाचं महत्त्व पटल्याचं समाधान वाटलं.

१६ जानेवारी

यादव गावित दोन आठवडे आलेला नाही. हजेरी भरत नाही, म्हणजे टर्म मिळणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही. समितीसमोर भाषण करायला मी नेमकं त्याचंच नाव दिलं आहे.

दुपारी मोहिनी पगारे विभागात आली. (आमचा विभाग म्हणजे क्रीडासाहित्याच्या खोलीचा अर्धा भाग. तिला लेझीमच्या ढिगाशेजारी उभं राहावं लागलं.)

“सर, यादवची हजेरी मांडा ना. त्याच्या घरचे कांदा लावणीला विंचूरकडं आलेत. दरवर्षी येतात. त्याला लावणी सोडून कसं येता येईल?”

“नियम सर्वांना सारखा आहे.”

“सारखा कसा, सर? माझे बाबा ड्युटीवर गेले की मी घरी झोपलेली असते. त्याचे आई-बाबा कामावर गेले की तो त्यांच्या शेजारी वाकलेला असतो.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“शेडमध्ये कळलं. तुम्ही बोर्ड लावायच्या आधी.”

फार लागट बोलते. रात्री वाचनात मन लागलं नाही.

१८ जानेवारी

रविवार. समितीच्या भाषणासाठी यादव लागणारच, म्हणून त्याला आणायला विंचूरला गेलो. चिमाजी दरेकर स्टँडवर सायकल घेऊन थांबला होता. मी त्याला कळवलेलं नव्हतं. मोहिनीने कळवलं असावं, कारण तीही माझ्याच बसमधून उतरली, हातात वह्यांची पिशवी.

यादवचं कुटुंब दरेकरांच्याच शेतावर लावणीला आहे हे तिथे गेल्यावर कळलं. पाण्याने भिजवलेल्या वाफ्यांमध्ये बायामाणसं ओळीने वाकून कांद्याचं रोप लावत होती. यादव बांधावर आला, हात धुतले आणि मोहिनी त्याला माझ्या तासाच्या नोट्स समजावू लागली. माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सांगत होती, त्यामुळे काही शास्त्रीय बारकावे सुटत होते.

तेवढ्यात चिमाजीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि यादवच्या रिकाम्या ओळीत उतरून लावणी सुरू केली. लांबून त्याचे वडील ओरडले, “चिम्या, मजूर हायेत ना तिथं!”

“एक कमी हाय!” चिमाजी ओरडला आणि वाकला.

दरेकरांकडे मजुरांची बरीच टंचाई असावी. मालकाच्या मुलालाच वाफ्यात उतरावं लागत होतं, आणि सवयीने उतरत होता.

यादवची आई, चिमणाबाई, कंबर धरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “तुमी मास्तर ना पोराचं? नुसतं हुभं काय राहता, तुमीबी धरा एक वळ.”

नाही म्हणता येईना. बूट काढून उतरलो. चिखल गार होता. मी लावलेली ओळ नंतर एका बाईने उपटून पुन्हा लावली. कारण विचारलं नाही. दुपारी सगळे बांधावर जेवायला बसले. मी बूट वाळत घालण्यासाठी जरा बाजूला बसलो होतो, पण चिमणाबाईंनी भाकरी तिथेच आणून दिली. चुलीवरची होती. एकच घेणार होतो, तीन झाल्या.

बसमध्ये परतताना विचार केला. समाजशास्त्रात क्षेत्रकार्य असतं. मी शिक्षक, ते क्षेत्र, आणि कामही झालं. तेव्हा यादव गावित यांची दोन आठवड्यांची उपस्थिती ‘क्षेत्रकार्य, विंचूर’ अशी मांडायला हरकत नाही. तो माझ्या आधीच क्षेत्रात पोचला होता एवढंच.

२९ जानेवारी

समिती आली. सविस्तर लिहितो.

प्राचार्यांना प्रत्येक भागाची ‘ओळख’ मंचावर दिसायला हवी होती. त्यासाठी नाशिक रोडच्या एका दुकानातून तीन पोशाख भाड्याने आणले होते: आदिवासी नर्तकाचा, शेतकऱ्याचा आणि शहरी सुटाबुटाचा. आयत्या वेळी लक्षात आलं की मापं जमत नाहीत. नर्तकाचा पोशाख यादवच्या खांद्यात अडकला. सूट त्यालाच बसला. नर्तकाचा पोशाख चिमाजीच्या अंगावर नीट आला. राहिलेलं धोतर आणि फेटा मोहिनीने सलवारवरच चढवला. वेळ नव्हता.

समितीच्या अध्यक्षा डॉ. चंद्रभागा आहेर वयस्कर आणि मितभाषी आहेत. त्यांनी चिमाजीला जवळ बोलावलं. “बाळ, तू कुठल्या पाड्यावरचा?”

“विंचूर, मॅडम. कांदा मार्केटच्या मागं.”

“मग हा पोशाख?”

“ह्यो नाशिक रोडचा हाय. भाड्यानं.”

मग त्यांनी सुटातल्या यादवला विचारलं, “तुमच्याकडे असे पोशाख घालतात का?”

“आमच्यात असं पिसांचं कोनीच घालत नाय, मॅडम,” यादव म्हणाला. “हे पण नाय घालत.” आणि त्याने टाय सैल केला.

मी घाईने भाषणाची घोषणा केली. यादव माईकसमोर आला, “सन्माननीय अध्यक्ष” म्हणाला, आणि बाहेर हरसूलच्या गाडीचा हॉर्न वाजला. पुढचं मी सांगू शकत नाही, कारण धुळीमुळे दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा सभागृहात समिती, प्राचार्य आणि मी होतो.

“कुठं गेली सगळी?” अध्यक्षांनी विचारलं.

“घरी,” प्राचार्य म्हणाले.

“मग चला, तिकडेच बघू.” आणि त्या निघाल्या.

मागोमाग गेलो. हॉर्न दुसऱ्याच गाडीचा निघाला होता, त्यामुळे सगळे शेडमध्ये होते आणि शेड भयानक अवस्थेत होती. सुटातला यादव ‘नाशिक रोड’ बोर्डाखाली बसून दोन मुलींना गणित सोडवून देत होता. पिसांसकट चिमाजी ‘हरसूल’खाली कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. फेटा बांधलेली मोहिनी ‘विंचूर’च्या उन्हात उभी राहून त्याच फेट्याच्या सुटलेल्या टोकाने तिघींवर सावली धरत होती. एकही विद्यार्थी आपल्या बोर्डाखाली नव्हता.

“आपापल्या भागात!” मी ओरडलो. कोणी हललं नाही.

“कसले भाग?” अध्यक्षांनी विचारलं. मी बोर्ड दाखवले. त्यांनी चारही वाचले, चौथा दोनदा.

“हे कोणी लावले?”

“मी, मॅडम.”

“आणि संमिश्रण समितीचे संयोजक कोण?”

“तेही मीच.”

त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. एकाच माणसावर एवढा कामाचा ताण पाहून त्यांना नवल वाटलं असावं. मग त्या बाकावर बसल्या. त्यांना कोणीतरी डबा दिला आणि त्यांनी घेतला. मी आणि प्राचार्य उभे राहिलो.

२० फेब्रुवारी

अहवाल आला. दहापैकी दहा! शेरा असा: ‘प्रशासनाच्या प्रयत्नांनंतरही विद्यार्थ्यांतील संमिश्रण टिकून आहे. थांब्यावरील शेड ही या महाविद्यालयाची सर्वांत मोठी जमेची बाजू.’

प्राचार्यांनी पेढे वाटले. “प्रयत्नांनंतर! म्हणजे तुमच्या प्रयत्नांनंतर, कापडणीस!”

स्टाफरूममध्ये कुलथे मॅडम म्हणाल्या, “‘नंतरही’ लिहिलंय. तो ‘ही’ वाचा एकदा.” मी वाचला. मला तो जोर देण्यासाठी वापरलेला वाटला. खोलीवर आल्यावर पुन्हा वाचला. मग अहवाल पेढ्यांच्या खोक्याखाली ठेवून दिला.

१५ मार्च

आमची सर्वांत मोठी जमेची बाजू रस्त्यावर उघडी पडलेली प्राचार्यांना बघवेना. ज्या कंत्राटदाराला सिंहस्थाची शेड काढायचीच होती त्याला गाठून त्यांनी ती उचलून आत आणवली. आता ती मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या आत आहे. पत्र्याला निळा रंग दिला, दारात नावाची फरशी बसवली: ‘संमिश्रण मंडप’. मी मंडपप्रमुख. साडेबारा ते दीड तिथे हजर राहायचं.

आज हजर राहिलो. तिथून रस्ता दिसत नाही. बस ऐकू येते, पण कुठली ते कळत नाही. कोणी आलं नाही. सगळे फाटकाबाहेर एका बाभळीखाली उन्हात उभे होते.

२ एप्रिल

परीक्षा सुरू आहेत. ऊन कडक आहे. यादव पेपर देतो आहे, बरे गेले म्हणतो.

सकाळी प्राचार्यांनी बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं नाही. बाहेरच्या मुलांनी बाभळीला ताडपत्री बांधायला घेतली आहे, हे अतिक्रमण आहे, मंडप असताना कॉलेजची बेअब्रू होते, आजच्या आज काढून टाका. “जूनचं लक्षात आहे ना, कापडणीस?” लक्षात आहे म्हणालो.

दुपारी गेलो. कांद्याच्या चाळीवर टाकतात तसली मोठी काळी ताडपत्री होती, चिमाजीने बसच्या टपावर टाकून आणलेली. एक बाजू बाभळीला बांधून झाली होती. दुसरी वाऱ्याने फडफडत होती, तिला बांधायला खांब नव्हता.

“ही काढायची आहे,” मी म्हणालो.

“हो, सर, पन आधी एवढी दोरी धरा,” यादव म्हणाला आणि दोरी माझ्या हातात देऊन खांब शोधायला गेला. मी धरली. वारा जोराचा होता. सोडली असती तर ताडपत्री खाली बसलेल्यांच्या अंगावर पडली असती, म्हणून हात उंच करून उभा राहिलो. सावली पडली. एकेक जण आत सरकला. सीबीएसची बस आली आणि गेली, नाशिक रोडची आली आणि गेली, तरी निम्मी मुलं तिथेच बसून उद्याच्या पेपरचे प्रश्न एकमेकांना विचारत होती. माझ्या विषयाचा पेपर होता. मधूनमधून मलाही विचारत होती.

कुलथे मॅडम छत्री मिटून आत आल्या आणि माझ्या काखेखाली, जिथे सगळ्यांत दाट सावली होती, तिथे उभ्या राहिल्या. “तुम्हाला कुठल्या बसनं जायचंय, कापडणीस?”

“मला बसनं जायचं नाही. माझी खोली मागेच आहे.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या.

फाटकातून प्राचार्यांची हाक आली, “कापडणीस! काढताय ना?”

“काढतोय, सर!” मी ओरडलो. दोन्ही हात दोरीत गुंतले असल्यामुळे वळता आलं नाही.

यादवला खांब मिळाला नाही. उद्या हरसूलहून एक बांबू आणतो म्हणाला, पण बसमध्ये बांबू घेतील की नाही याची त्याला खात्री नाही. तोपर्यंत त्या बाजूला मी उभं राहायचं असं सर्वानुमते ठरलं. मोहिनी माझी वेळ विचारून गेली. साडेबाराला येतो म्हणालो.